नाडीत ओवलेले बोल्ट

वहिनी गेल्याचा दादाचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात होतो. "अरे, ही गेली..." एवढंच तो म्हणाला. त्याला आता सहा आठवडे झाले. आदल्याच रविवारी मी सोलापुरात शुक्रवार पेठेतल्या त्यांच्या घरी जाऊन आलो होतो. वहिनींना उठून बसवत नव्हतं, पण जीव गाडीत अडकलेला. "भाऊजी, आठवड्यातून एकदा तरी चालू करायला सांगा ह्यांना. नुसती उभी राहिली की बॅटरी उतरते."

गाडी म्हणजे वहिनींच्या वडिलांचा जुना पिकअप. मंद्रूपहून सोलापूरच्या बाजारात त्यातून भाजी यायची. वडील गेल्यावर तो कित्येक वर्षं शेडमध्ये उभा होता. वहिनींचा धाकटा भाऊ महादेव याला नव्या ट्रॅक्टरसाठी ती जागा हवी होती आणि त्याने भंगारवाला ठरवलाही होता. वहिनी तेव्हा नुकत्याच शाळेतून निवृत्त झालेल्या. नोकरीभर त्यांनी मुलींना शिवणकाम शिकवलं. त्या म्हणाल्या, गाडी मी नीट करते.

"आक्का, कोंबड्या अंडी घालत्यात की तिच्यात," महादेव म्हणाला. "इंजिन जाम हाय. तुला साधं चाक तरी काढता येतंय का?"

"नाही येत. शिकते."

शेवटी गुढीपाडव्यापर्यंतची मुदत ठरली. तोवर पिकअप आपल्या इंजिनावर शेडबाहेर आला तर वहिनींचा, नाहीतर भंगारात. मी हिशेबातला माणूस. हे जमणार नाही, असं त्यांना तोंडावर सांगितलं. त्यावर त्या म्हणाल्या, "मग रविवारी टॉर्च धरायला या. उभ्या उभ्या हिशेब करता येतो."

आणि मी जाऊ लागलो. आठवडाभर वहिनी पेठेजवळच्या एका गॅरेजात स्टूल टाकून बसायच्या, बघायच्या, विचारायच्या. रविवारी आम्ही तिघं एसटीने मंद्रूपला. त्यांची पद्धत मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही. काढलेला प्रत्येक बोल्ट त्या परकराच्या नाडीला काजासारखं भोक पाडून त्यात ओवायच्या, काढला त्याच क्रमाने, आणि नाडीच्या टोकाला रंगीत चिंधी बांधायच्या. ब्रेकची लाल, रेडिएटरची निळी, दिव्यांची पिवळी. शेडच्या भिंतीवर खिळ्यांना अशा माळा लटकत. लावताना शेवटचा बोल्ट आधी. विसरायची सोयच नाही.

मग खंडेनवमी आली. हत्यारांची पूजा करायची म्हणून दादा आदल्या दिवशी एकटाच मंद्रूपला गेला. बायकोला आनंद व्हावा, एवढाच हेतू. त्याने सगळ्या माळा सोडल्या, बोल्ट रॉकेलमध्ये घासून लख्ख केले आणि परातीत रचून हळदकुंकू वाहिलं. नाड्या मळल्या होत्या, म्हणून त्याही धुऊन वाळत घातल्या. दुसऱ्या दिवशी वहिनी दारात उभ्या राहून परातीकडे बघत राहिल्या... मी मनात पाडव्यापर्यंतचे रविवार मोजले. चोवीस. दादाचा चेहरा उतरला होता.

"देवीला सगळे सारखेच," वहिनी म्हणाल्या. "मला नाहीत." पण आधी त्यांनी नमस्कार केला, मग परात मांडीवर घेतली.

त्या दिवसापासून एकेक बोल्ट एकेका भोकात लावून बघणं सुरू झालं. पान्याला हात लावायचा नाही. बोटांनी सहज फिरला तर तो तिथला. अडला की काढायचा, जोर केला तर आटे जातात. शिवणाच्या वर्गात मुलींना ज्या सुरात सांगत असतील, त्याच सुरात त्या आम्हाला सांगायच्या. दादा परातीतून बोल्ट द्यायचा, मी टॉर्च धरायचो. संक्रांत होईतो वहिनींना नुसत्या स्पर्शाने कळू लागलं कुठला बोल्ट कुठला. माळा तशाच राहिल्या असत्या तर त्यांनी गाडी नुसती जोडली असती. परातीमुळे त्या गाडी शिकल्या, असं मला वाटतं. त्या मात्र हे कबूल करायच्या नाहीत. "ह्यांची बाजू घेऊ नका," म्हणायच्या.

पाडव्याला सकाळी महादेव भंगारवाल्याचा नंबर खिशात ठेवूनच आला होता. इंजिन घरघरायचं आणि बंद पडायचं. दोनदा, तीनदा... वहिनी खाली उतरल्या, डिझेलच्या नळीचा नट सैल केला, अडकलेल्या हवेचे बुडबुडे संपून सलग डिझेल येईपर्यंत थांबल्या आणि नट आवळला. पुढच्या खेपेला पिकअप काळा धूर सोडत सुरू झाला आणि हळूहळू शेडबाहेर आला. महादेवने गुढीचा उरलेला हार आरशाला अडकवला. "आता कोंबड्या कुटं ठेवू, त्ये बी सांग की," म्हणाला.

गेल्या रविवारी दादाकडे गेलो ते गाडीचं काय करायचं हे विचारायला. त्याला चालवता येत नाही, विकून टाकेल असं मी धरून चाललो होतो. पिकअप बोळाच्या तोंडाशी उभा होता. दादा पुढे पाटावर बसला होता. डावा दिवा लागत नव्हता, तो त्याने उघडला होता. मांडीवर एक नाडी, तिला पिवळी चिंधी, तीत ओवलेले चार स्क्रू.

"शेवटी काढलेला आधी लावायचा, नाही का रे?"

"हो."

विचारायचं होतं ते राहूनच गेलं. मी टॉर्च धरला.