दिपमालाचा भूप

गिरधर नानांचा मी राग करते आणि करत राहणार. त्यांच्या कानावर घालायचं तर खुशाल घाला.

दिपमाला माझी शेजारीण, इथं एरंडोलात दिवसभर ब्लाऊज शिवणारी. आमच्या महिला भजनी मंडळात मी ढोलकी वाजवते; तिला पेटी वाजवायची होती. एवढीच बाईची हौस! गावात पेटी शिकवणारे एकटे नाना. त्यांनी तिला भूप राग दिला. सा रे ग प ध, पाचच सूर. मध्यम नाही, निषाद नाही. चुकून बोट जाऊ नये म्हणून तिच्या पेटीच्या त्या पट्ट्यांवर चिकटपट्टी डकवली. काळ्या पट्ट्यांना तर हातच लावायचा नाही.

"पुढचं कधी, नाना?" तिनं विचारलं, की उत्तर ठरलेलं. "आधी हे पक्कं कर. बठ्ठं भूपमाच शे." म्हणजे सगळं काही भूपातच आहे म्हणे!

तिची पोरगी बालवाडीत होती तेव्हा सुरू केलेला भूप पोरीचा साखरपुडा झाला तरी पक्का होईना! आमची सगळी भजनं भूपात. शेवटच्या भैरवीला काळ्या पट्ट्या लागतात; ती आली, की नाना येऊन पेटी स्वतःपुढे ओढायचे. भैरवीशिवाय भजन उठत नाही, म्हणजे नानांशिवाय उठत नाही. कळला ना डाव?

यंदा जळगावला स्पर्धा लागली, मंचावर फक्त बायका. दिपमाला भैरवीसाठी नानांपुढे अक्षरशः रडली. "स्पर्धेत भैरवी नसते," नाना म्हणाले. मी फोनवर शिकवणीचा व्हिडिओ दाखवायला गेले, तर माझ्यावरच उसळली, "गुरूच्या पाठीमागे नको, अक्का."

स्पर्धेत भैरवी सक्तीची होती. आमच्या ज्योतीनं गायला सुरुवात केली आणि दिपमाला घामाघूम होऊन खाली भूपच वाजवत राहिली. गाणं एकीकडे, पेटी भलतीकडे. मांडवात हशा पिकला. पहिल्या रांगेतले नाना उठले, मंचावर चढले, तिला कोपरानं सरकवलं आणि भैरवी वाजवली. काय टाळ्या पडल्या! आम्ही बाद झालो, नानांना शाल मिळाली.

परतताना एसटीत मी तोंड उघडणार, तेवढ्यात दिपमाला उठली आणि नानांच्या पाया पडली. "माझंच डोकं मठ्ठ, नाना. तुमचं नाव घालवलं मी."

नानांनी शाल सावरली. "जाऊ दे, पोरी. उद्यापासून परत भूप घेऊ."

आणि ही बया आनंदानं रडायला लागली.