चंपीची गोळी

परवा दम्यासाठी डॉक्टरांनी दिलेली स्टेरॉइडची गोळी जिभेवर विरघळली आणि त्या कडू चवीनं मला थेट मुरगूडच्या आमच्या गोठ्यात नेलं.

आमच्या चंपी कुत्रीच्या मेंदूला सूज आली होती. मान वाकडी करून ती गोल गोल फिरायची. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी अशाच गोळ्या दिल्या आणि खाडा झाला तर जिवावर बेतेल, असं बजावलं. माझे वडील, आबा, म्हणाले, "कशाला हाल करतुयास? सुई देऊन मोकळं कर तिला."

मी कामावर गेल्यावर गोळी तेच द्यायचे. आठवडा झाला तरी चंपीत फरक पडेना, तसा आबा गोळी देतच नसावेत, असा माझा संशय वाढला.

एका दुपारी लवकर येऊन मी दाराआडून पाहिलं. आबांनी गोळीचा कण स्वतःच्या जिभेवर ठेवला, तोंड वाकडं केलं आणि लोणी लावलेल्या भाकरीत गोळी दडवून चंपीला भरवली. मग त्यांना मी दिसलो.

"माझ्यावर पाळत ठेवतुयास व्हय?" एवढंच म्हणाले.

चंपी पुढं दोन वर्षं जगली. त्या दिवसापासून आबा मी घरी येईपर्यंत थांबायचे आणि माझ्यासमोरच गोळी द्यायचे. "माझ्यासाठी थांबत जाऊ नका, आबा," असं मी एकदाही म्हणालो नाही.