लांब हाताची बाई

किन्हवलीजवळच्या वाडीतली भिमी लग्नघरच्या भिंतींवर तांदळाच्या पिठानं चित्रं काढायची. अठ्ठावन्न साली तिची लेक रंगू तापानं गेली, तेव्हा नवरा नामा वीटभट्टीवर होता. परत आल्यापासून तो भिमीशी बोलतच नव्हता.

एका सकाळी भिमीनं स्वतःच्या घराची भिंत रंगवली. एका टोकाला बाई, दुसऱ्या टोकाला पाठमोरा पुरुष. बाईचा हात भिंतभर लांब, तरी त्याच्यापर्यंत न पोचलेला.

नामा बघत राहिला. "एवढा लांब हात, तरी पोचत नाय गो?"

"तू वळलास तर पोचंल."

"रंगूपाशी मी नव्हतो. कुठल्या तोंडानं वळू?" म्हणत तो रडू लागला.

भिमी त्याच्याजवळ बसली. रंगू रुसली की कशी बोलायची, हे आठवताना दोघं हसलीसुद्धा.