मासळीच्या चालीवर घोडीचा लिलाव

आमच्या बंदरावर मी मासळीचा लिलाव पुकारते. सुरमईचा ढीग समोर पडला की माझा आवाज आपोआप वर जातो, आणि एकदा वर गेला की 'तीनवार' म्हणेपर्यंत खाली येत नाही. नवरा म्हणतो, ही जेवायला वाढतानाही बोली लावते. म्हणू दे. पण ह्याच आवाजाने मी एकदा घोडी विकली, हे सांगितलं की माणसं आधी हसतात आणि मग खुर्ची पुढे ओढून बसतात.

घोडी माझ्या धाकट्या भावाची. तो आरे-वाऱ्याच्या किनाऱ्यावर पर्यटकांना घोड्यावरून फिरवतो. आमच्या सात पिढ्या होडीवर गेल्या, ह्यालाच हे वेड कुठून लागलं देव जाणे. त्याने आपली थोरली घोडी एकदा घाटावर नेऊन चांगल्या काठेवाडी घोड्याला दाखवून आणली. तिला जे शिंगरू झालं, ते वाढत वाढत अशी घोडी झाली की बघतच राहावं. काळीभोर, लांब मानेची, आणि कान आत वळून टोकाला टोक टेकलेले. ओहोटीला ओल्या वाळूवर सोडली की आरे-वाऱ्याचा सगळा किनारा तिला अपुरा पडायचा.

तीच तर अडचण होती. पर्यटकांची पोरं तिच्यावर बसवायची सोय नाही, पाठीवर परका माणूस आला की ती त्याला थेट समुद्र दाखवायची. तिला पळवणारा मालक हवा होता. भावाने काळजावर दगड ठेवून ठरवलं, विकायची. पण मला एवढंच म्हणाला, "आक्का, मातीमोल गेली तर तिला लग्नाच्या वरातीत डीजेपुढे उभी करतील. दोन लाख मोजून नेली, तर नेणारा जपेल तरी." पैशाची हाव त्याला कधीच नव्हती. त्या दोन लाखांत त्याला घोडीची हमी दिसत होती.

त्याने तिचा पळतानाचा व्हिडिओ फोनवरून पाठवला आणि तो फिरत फिरत कुठल्या कुठे गेला. दिवाळीनंतर एका सकाळी घाटावरून गाड्या आल्या. घोड्यांचे तीन दलाल एका गाडीतून, आणि साताऱ्याकडचे एक मिशीवाले बागायतदार आपल्या जीपमधून. हे बागायतदार हौसेने घोडी पाळणारे. मला भावाचा फोन आला, तेव्हा मी बंदरावरचं काम उरकतच होते. तशीच रिक्षात बसले. अंगाला मासळीचा वास, ओच्याला खवले. रिक्षावाल्याने नाक दाबलं तरी मी फिकीर केली नाही.

पोचले तर काय, सगळं चिडीचूप. थोरल्या दलालाने भावाच्या हातावर रुमाल टाकला होता आणि रुमालाखाली दोघांची बोटं चाललेली. घोड्यांच्या बाजारात म्हणे असंच असतं. बोटं दाबून भाव सांगायचा, तोंडातून अक्षर काढायचं नाही, कुणाचा भाव कुणाला कळायचा नाही. एकाचं झालं की दुसरा, मग तिसरा. भाऊ माझ्याकडे आला तो पडलेल्या चेहऱ्याने.

"किती?" मी विचारलं.

"तिघांनी सारखीच बोटं दाबली गो. चाळीस हजार."

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. सारखीच कशी दाबतील? गाडीत बसूनच ठरवून आले होते मेले. बागायतदार अजून लांब उभे होते, त्यांची पाळी यायची होती. मी सरळ घोडीजवळ गेले, पदर खोचला आणि बंदरावरचा आवाज लावला.

"चाळीस हजार! रुमालाखालून चाळीस आलेत, उघड्यावर किती?"

थोरला दलाल दचकलाच. "अहो बाई, रुमालातला भाव बाहेर सांगत नसतात."

"आमच्यात आत सांगत नसतात," मी म्हटलं. "ठेवा तो खिशात. घाम पुसायला लागेल."

बागायतदार मिशीत हसले आणि म्हणाले, "साठ." झालं, आमचं शीड भरलं. मी साठ पुकारते न पुकारते तोच धाकट्या दलालाच्या तोंडून 'सत्तर' निसटलं, आणि थोरल्याने त्याच्याकडे असं बघितलं की बिचाऱ्याने मान खाली घातली. पण तोंडातून गेलेली बोली मी परत देते होय? सत्तर, ऐंशी, नव्वद, लाख. किनाऱ्यावरचे शहाळीवाले, भेळवाले धंदा टाकून भोवती जमले.

लाखावर गाडी अडली. थोरला म्हणाला, हिच्या कपाळावरचा भोवरा खोटा आहे, मालकाला लाभत नाही.

"भोवऱ्यावर बसून जाणार आहात काय?" मी म्हटलं, आणि भावाला म्हटलं, "पळव तिला."

भाऊ खोगिराविनाच चढला. काय सांगू तुम्हाला, त्या दिवशी ती पळाली तशी पुन्हा कधी मी बघितली नाही. खडकापर्यंत गेली, वळली आणि येताना सरळ उथळ पाण्यातून आली, दोन्ही बाजूंना पाणी उडवत. ती थांबली, निथळत होती, नाकपुड्या फुललेल्या. आणि मी भान विसरून तिचा ओठ वर करून ओरडले, "बघा, ताजी आहे, आत्ता पाण्यातून आलेली! कल्ले बघा कसे लाल!"

एक क्षण कुणाला कळेना. मग भेळवाला हसला आणि सगळा किनारा हसायला लागला. थोरला दलालसुद्धा पोट धरून हसला, आणि हसता हसताच म्हणाला, "दीड." हसलेल्या माणसाला भाव धरून ठेवता येत नाही, हे मी बंदरावर कितीदा बघितलंय. पावणेदोन झाले. मग बागायतदारांनी घोडीच्या मानेवर हात ठेवला आणि शांतपणे म्हणाले, "दोन लाख."

दलालांनी नाही म्हणून माना हलवल्या.

"दोन लाख एकवार," मी म्हटलं. "दोन लाख दोनवार."

आणि पुढे आवाजच फुटेना. जन्मात असं झालं नव्हतं. समोर भाऊ, लगाम हातात घट्ट धरलेला, आणि घोडी त्याच्या खांद्यावर तोंड घासत होती.

बागायतदारांना वाटलं, बाईला भाव पटला नाही. ते म्हणाले, "बरं, दोन दहा."

"नाही दादा," मी कशीबशी बोलले. "आपल्याच बोलीवर आपण चढायचं नाही, आमच्या बंदरावर चालत नाही ते. दोन लाखच."

दलाल माझ्याकडे बघतच राहिले. बागायतदार मात्र भावाला म्हणाले, "रोज पळवीन तिला. शब्द देतो." ही आता कुठल्या वरातीत उभी राहायची नाही, हे त्यांच्या हातावरूनच कळत होतं, तो अजून तिच्या मानेवर होता.

मी भावाला म्हटलं, "पुढचं तू म्हण. माझ्याच्याने होत नाही."

तो म्हणाला. ओठ हलले, एवढंच दिसलं.

"ऐकू नाही आलं," मागून कुणीतरी म्हणालं. खरंच होतं ते. चार माणसांना ऐकू गेल्याशिवाय लिलाव सुटत नाही, लहानपणापासून त्यालाही ठाऊक आहे.

भावाने घोडीच्या मानेवरून हात फिरवला, लगाम बागायतदारांच्या हातात दिला आणि पुन्हा म्हणाला, ह्या वेळी अख्ख्या किनाऱ्याला ऐकू जाईल असं.

"तीनवार."