नाव घातलेली मोटार

सेबेस्टियनकाकांनी होडीतला आपला वाटा विकून मोटार घेतली, तेव्हा आमच्या निम्म्या पाचूबंदर गावाने त्यांना वेड्यात काढलं. मी उरलेल्या निम्म्यांतला. मार्थाकाकी डोक्यावर मासळीची पाटी घेऊन स्टेशनपर्यंत चालत जायची आणि घरी आली की मान वळवता यायची नाही तिला, हे मी रोज पाहत होतो. काकी आणि तिच्यासारख्या बायकांच्या डोक्यावरचं ओझं उतरावं, एवढ्यासाठीच १९५३ साली ती मोटार आली.

मोटार विकणाऱ्या मुंबईच्या व्यापाऱ्याला काकांनी आधीच सगळं सांगितलं होतं. ओल्या पाट्या, रेताड रस्ता, रोजची स्टेशनची फेरी. "डोळे मिटून न्या," तो म्हणाला. काकांनी खरंच डोळे मिटले.

आमच्याकडे नवी होडी नाव घातल्याशिवाय पाण्यात लोटत नाहीत. काकांनी मोटारीलाही तोच नियम लावला. फादरनी पवित्र पाणी शिंपडलं, पताका लागल्या, आणि रंगाऱ्याने समोरच्या पत्र्यावर ठसठशीत लिहिलं: मार्था. काकी लाजून घरात पळाली.

पहिल्याच आठवड्यात मार्था रस्त्यात बसली. म्हणजे मोटार. इंजिन तापायचं, आतलं पाणी उकळायचं, की संपलं. व्यापारी दुरुस्त करून द्यायचा, पाचूबंदरला आणली की पुन्हा तेच रडगाणं. बायका पाट्या उतरवून परत डोक्यावर घ्यायच्या. "मार्थे, तू आमाला नेनार, का आमी तुला ढकलनार?" असं चिडवायच्या. काकी हसायची आणि सगळ्यांत जड पाटी स्वतः उचलायची. मला त्या व्यापाऱ्याचा असा संताप यायचा!

शेवटी काका वसईला शत्रुघ्न वकिलांकडे गेले, सोबत मी. वकील म्हणाले, "काम सांगून घेतलेली वस्तू त्या कामाची निघाली नाही, तर ती नाकारण्याचा हक्क आहे तुम्हाला. मोटार परत, पैसे परत. तुम्ही तिच्यात काही बदल तर केला नाहीत ना?"

"नाय. नाव तेवढं घातलं."

वकिलांनी कपाळाला हात लावला. "झालं! आपली म्हणून नाव घातलंत, म्हणजे मोटार पत्करलीत, असं समोरचा वकील म्हणणार."

घरी येऊन हे सांगितलं, तर काकीचा भाऊ फ्रान्सिस लगेच पत्र्याचा धारदार तुकडा घेऊन आला. "खरवडून टाकू. कोनाला समजनार?"

काका पत्रा घेऊन मोटारीसमोर उभे राहिले. काकी दारात उभी होती. होडी मोडीत काढतानाच आमच्याकडे तिचं नाव पुसतात. काकांनी पत्रा फ्रान्सिसला परत दिला. "बायकोचं नाव घातलंय. मोटार माजी नव्हती, असं कोर्टात कसं सांगू?"

कोर्टात व्यापाऱ्याच्या वकिलाने नेमकं तेच विचारलं. "आपली म्हणूनच नाव घातलंत ना?"

"माजीच म्हनून," काका म्हणाले. लोक हसले. मला रडू येत होतं.

पत्करलेली मोटार आता परत करता येणार नाही, असं न्यायाधीशांनी सांगितलं आणि काकांची मान खाली गेली. पण न्यायाधीशांचं बोलणं संपलं नव्हतं. नाव घातलं म्हणून भरपाईचा हक्क जात नाही, ते म्हणाले. मोटार सांगितल्या कामाची नाही, तेव्हा दुसऱ्या इंजिनाचा खर्च व्यापाऱ्याने द्यावा.

दुसरं इंजिन बसलं. पहिल्या फेरीला काकी पुढे बसली, पण पाटीखाली डोक्यावर ठेवायची कापडाची चुंबळ तिने मांडीवर घट्ट धरली होती. "ऱ्हाऊ द्या. हिचा भरोसा नाय," ती म्हणाली. मोटार कुठेही न थांबता स्टेशनला पोचली.

काकी उतरली. धुळीने भरलेल्या आपल्या नावाकडे बघत राहिली. मग तिने चुंबळ उलगडली आणि ते फडकं काकांच्या हातात दिलं.

"घ्या. तोंड पुसा तिचं."