मेथीखालची शाळा

आमच्या गोदीची शाळा पंधरा दिवस मेथीखाली भरत होती.

गोदी माझी थोरली. दोन वर्षांची असताना तिला ताप आला आणि जाताना तो पायांतली ताकद घेऊन गेला. तेव्हापासून ती हातांवर सरकत घरभर फिरायची आणि असेल तिथून आम्हा सगळ्यांवर हुकूम चालवायची. अक्षरं आणि पाढे तिला तिच्या मामानं घरीच शिकवले. मग मामा नोकरीसाठी अकोल्याला गेला आणि गोदीनं जाहीर केलं, "बा, मले चौथीची परीक्षा द्याची हाय."

आमचा मळा मंगरूळपीरपासून दीड कोसावर. मध्ये नाला, शाळा त्याच्या पलीकडे. मी मास्तरांना जाऊन भेटलो.

"मुलगी रोज येणार कशी?" मास्तर म्हणाले.

"पोरगी येनार नाई. शाळाच तिकडं पाठवा."

मास्तरांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. (चष्मा लावून मी त्यांना खरा वाटलो नसेन.) पण माणूस हट्टाला पेटला की मीही सौद्याला पेटतो. देवाला नवस बोलतानासुद्धा मी पहिला आकडा निम्माच सांगतो. तासाभरानं ठरलं ते असं : रोज मास्तरांनी पाटीवर पाच गणितं लिहून द्यायची, गोदीनं घरी ती सोडवायची आणि सकाळी मी पाटी गुजरीत, म्हणजे गावच्या भाजीबाजारात, आणायची. महिनाभर काम समाधानकारक वाटलं तर चौथीच्या यादीत तिचं नाव. परीक्षेच्या दिवशी मात्र शाळा तपासायला येणाऱ्या दिपोटी साहेबांसमोर तिला हजर करायचं. मोबदल्यात मास्तरांनी वांगी मागितली. मी कोथिंबिरीच्या चार काड्यांपासून सुरुवात केली. शेवटी रोजच्या मेथीच्या एका जुडीवर आलो.

मास्तरांसाठी मी वेगळी दुरडी केली. तळाला पाटी, तिच्यावर मेथी, वरून पोतं. पाटी तळाला ठेवण्यात माझी हुशारी होती. वर ठेवली असती तर वाटेत कोणीही उचलली असती! ती दुरडी कावडीच्या पुढच्या टोपलीत वरच ठेवायची, नेहमीप्रमाणे नाल्यावर थांबायचं, भाजीला पाणी मारायचं आणि गुजरी गाठायची. मास्तर दुरडी तशीच घरी न्यायचे. दुपारी परतताना मी शाळेवरून नव्या गणितांची दुसरी पाटी घ्यायचो.

चौथ्या दिवशी दुपारी मास्तर म्हणाले, "मुलीला काही येत नसेल तर तसं सांगा. कोरी पाटी कशाला पाठवता?"

"कोरी?"

"चारही दिवस. माझी गणितंसुद्धा पुसून पाठवते."

माझं डोकं तापलं. (ते फारसं थंड कधी नसतं.) घरी येऊन मी गोदीवर कडाडलो. ती शांतपणे म्हणाली, "म्या लिवलं, बा. पाचही."

"मंग अक्षरं कुठी गेली? पाय फुटले त्यायले?"

बोलून गेलो आणि जीभ चावली. गोदी मात्र हसली. "त्यायले फुटले असतीन. माह्यासारखी थोडीच हायेत."

दुसऱ्या दिवशी ती लिहीत असताना मी समोर बसलो. मला तेव्हा एक अक्षर वाचता येत नव्हतं, पण भरलेली पाटी आणि कोरी पाटी एवढा फरक कळत होता. पाटी काठोकाठ भरली. मी ती स्वतः दुरडीत ठेवली. दुपारी मास्तर म्हणाले, "आजही कोरीच."

आता मला सगळं उमगलं. मास्तरांच्या मनात वांगी सलत होती! मेथीवर समाधान मानावं लागलं, म्हणून हा माणूस माझ्या लेकीची अक्षरं पुसत होता.

मी नवी पेन्सिल आणली. गोदीला अक्षरं जोरानं कोरायला लावली. तिच्या मायला साक्षीदार म्हणून बसवलं. ती म्हणाली, "साक्ष द्याले मी तयार हावो. पन मास्तरले पोरीची अक्षरं पुसून काय भेटनार?"

"वांगे!"

"तुमचं डोकंच वांग्यासारखं झालं हाय."

गोदीनं मध्येच तोंड घातलं. "बा, पाटी वरत ठेवत जा न. खाली ते..."

"खाली का वरत, हे मले नको शिकवू. वीस वर्सं टोपल्या भरून राह्यलो मी."

तिनं पाटी पुन्हा पुढ्यात ओढली. पाटीच्या कोपऱ्यात तिनं एक जास्तीची ओळ लिहिलेली मी पाहिली. मग रोजच लिहायला लागली. मला वाटलं, मास्तरांना नमस्कार लिहीत असेल.

चौदाव्या दिवशी मास्तरांनी निकाल सांगितला. "उद्याही कोरी आली तर नाव यादीत जाणार नाही. माझा नाइलाज आहे."

त्या संध्याकाळी गोदी जेवली नाही. मी समजूत घालायला गेलो, तर म्हणाली, "शाळेतल्या पोरायले मास्तर तोंडानं इचारते. माही अक्कल मातर टोपल्यातून जाते." मला उत्तर न सुचण्याचा प्रसंग तेव्हापर्यंत आला नव्हता, म्हणून माझा राग आणखीच वाढला, आणि तो सगळा मी मास्तरांसाठी राखून ठेवला.

सकाळी भर गुजरीत मी मास्तरांचा रस्ता अडवला आणि हाका मारून माणसं गोळा केली. "या, या, सारेच या! शिकलेला मानूस कसा बनवते ते पाहा. पाटी माह्या दुरडीत हाय. आज मास्तरचा हात लागाच्या आधी तुमी सारे वाचा!"

पन्नास डोळ्यांसमोर मी दुरडी उचलली. तिच्या बुडातून धार लागली.

पोतं काढलं. मेथी काढली. जुडीतून पाणी गळून माझ्या कोपरापर्यंत आलं. तळाला पाटी होती. धुतलेली, स्वच्छ, काळीभोर. तिच्यात मला माझा चेहरा दिसला.

मग एका म्हातारीनं विचारलं, "काय गा, मेथी कितीक अन् पानी कितीक?"

आणि सगळी गुजरी हसली. शेजारचे भाजीवाले सर्वांत मोठ्यानं हसले, अन् हसता हसता आपापल्या टोपल्या मागे सरकवू लागले.

आता तुम्हीच सांगा, भाजीला पाणी मारणं यात वाईट काय? भाजी ताजी दिसते. थोडी जडही होते, पण तो काही माझा दोष नाही, तो पाण्याचा गुण आहे. मी नाल्यावर पाणी मारायचो, जसा माणूस सकाळी तोंड धुतो. तोंड धुतल्याची आठवण कोणी ठेवतं का?

मास्तर हसले नाहीत. चष्मा पुसून एवढंच म्हणाले, "माझी बायको म्हणतच होती, तुमची मेथी वाळत घालावी लागते. मला वाटलं, तिला कुरकुरायची सवयच आहे. उद्या मुलीलाच घेऊन या. तोंडी विचारतो."

घरी येऊन गोदीला विचारलं, "कोपऱ्यात रोज काय लिवत होती व?"

"'बा पानी मारते, पाटी वल्ली होते.' मास्तरसाठी."

दुसऱ्या दिवशी कावडीत एका बाजूला गोदी बसली, दुसऱ्या बाजूला मेथी. पाण्याशिवाय ती मेथी इतकी हलकी निघाली की गोदीला तोलता तोलता अख्खा वाफा रिकामा झाला. शेवटी वर एक धोंडा ठेवला. नाल्यावर मी सवयीनं थांबलो, तशी मागच्या टोपलीतून आवाज आला, "चाल, बा."

मास्तरांनी अर्धा तास प्रश्न विचारले आणि नाव यादीत घातलं. परीक्षेलाही ती कावडीतूनच गेली. दिपोटी साहेबांनी मास्तरांना तोंडी गणित घालायला सांगितलं. मास्तरांनी दाराशी उभ्या असलेल्या माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "भाजीवाल्यानं दहा शेर मेथी विकली. त्यात दोन शेर पाणी होतं. मेथी किती?"

गोदी म्हणाली, "आठ शेर." मग तिनंही माझ्याकडे पाहिलं. "पन आमच्या घरी दहाच धरते."

गोदी पास झाली. त्या हिवाळ्यात तिनं मलाही त्याच पाटीवर लिहायला शिकवलं. (या लिखाणात चुका सापडल्या तर तिच्याकडे जावं.) मास्तरांवरचा माझा राग मात्र गेलेला नाही. मेथीचं गणित त्यांना दिपोटी साहेबांसमोरच घालायचं होतं का? त्या दिवसापासून गुजरीत कोणी माझी भाजी झटकल्याशिवाय तराजूत टाकू देत नाही. परवा एका बाईनं जुडी तीनदा झटकली. मी चिडून म्हणालो, "बाई, पानी नाई त्यात."

"पानी कोन पाह्यते," ती म्हणाली. "पाटी हाय का, ते पाहून राह्यली."