तिसऱ्या जागेवरचा इंजेक्टर

नेदरलँड्समधल्या फोरबर्गच्या आमच्या घरामागे सायकलींची शेड आहे. बायकोनं तिचं वर्कशॉप केलं आणि सायकली पावसात आल्या. ती वाखनिंगनच्या विद्यापीठात धान्यावर संशोधन करते, आमच्या जुन्या गाडीनं जाते-येते. गाडी झटके खायला लागली तेव्हा मी म्हटलं, भंगारात काढू. त्याच सुमारास ऑफिसनं मलाही काढलं होतं, माझ्यामुळे टीमचं काम अडतं म्हणे. आपल्यातच खोट आहे, आता गुपचूप पुण्याला परतायचं, असं मी ठरवूनच टाकलं होतं आणि घरात उगाच खेकसत होतो.

तिनं चारही इंजेक्टर, म्हणजे इंजिनात पेट्रोलचा फवारा सोडणाऱ्या बोटाएवढ्या नळ्या, बाहेर काढल्या. फवारा बारीक व्हावा म्हणून त्यांच्या तोंडाशी जास्त छिद्रांच्या चकत्या बसवल्या. मग त्यांना गाडीतूनच काढलेल्या पट्टीवर ओळीनं लावून, गाडीच्याच वायरी जोडून चाचणीचं तेल सोडलं. आणि खाली काय ठेवावं? मिसळणाच्या डब्यातल्या वाट्या! का, तर सगळ्या एका मापाच्या. स्टीलमधून पातळी काही दिसेना, तेव्हा कुठे बाईसाहेबांनी काचेची मोजपात्रं आणली. वाट्या घासून घासून माझे हात दुखले.

काचेत सगळं स्वच्छ दिसलं. बाकी पात्रांत तेल सारखं चढलं, तिसऱ्यात कमी. मी लगेच म्हटलं, हा गेला, फेकून दे. तिनं तिसरा इंजेक्टर पहिल्या जागी लावला, पहिला तिसऱ्या जागी, आणि पुन्हा तेल सोडलं. आता तो तिसरा पठ्ठ्या मस्त फवारत होता आणि त्याच्या जागी गेलेला चांगला इंजेक्टर मागे पडला.

"त्याच्यात काही खोट नाही," ती म्हणाली, "तिथली वायर सैल आहे. फेकायच्या आधी एकदा जागा बदलून बघायची असते रे."

ती वायर घट्ट करायला वाकली. ती इंजेक्टरबद्दलच बोलत होती, पण माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. या बाईपुढे मी तेव्हाच हात टेकले.

गाडी अजून छान पळते. मी दुसऱ्याच दिवशी द हेगमधल्या एका छोट्या कंपनीत अर्ज टाकला. आज तिथेच आहे, आणि माझ्यामुळे कुणाचं काही अडत नाही.